नेट कंपनीचं, पण राउटरची किल्ली कुणाकडं? बेळगावच्या बाजारपेठेपुढचा न विचारलेला प्रश्न

बेळगाव : बाजारपेठेत ऐन गर्दीच्या वेळी ‘नेट गेलंय’ अशी ओरड झाली की पुढं काय घडणार हे आता ठरून गेलं आहे. मालक केबलवाल्याला फोन लावतो. केबलवाला ‘पोरगं पाठवतो’ म्हणतो. पोरगं दोन-तीन तासांनी येतं, भिंतीवरची पांढरी पेटी बंद करून चालू करतं आणि ‘आता बघा’ म्हणून निघून जातं. नेट चालू होतं, बिल निघतं आणि आठ दिवसांनी तीच ओरड परत सुरू होते.

दोष मात्र दर वेळी कंपनीच्या माथी मारला जातो. कंपनीची फायबर तुटते, रस्त्याच्या खोदाईत केबल कापली जाते, हे सगळं खरं आहे. पण खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीपासून उद्यमबागेपर्यंत रोज घडणारे बरेचसे बिघाड दुकानाच्या आत, त्या पांढऱ्या पेटीत आणि तिच्या भोवतीच असतात. ती पेटी म्हणजे राउटर. दुकानाच्या शटरची किल्ली मालक कुणाला देत नाही. गल्ल्याची किल्ली तर कमरेलाच असते. राउटरचा पासवर्ड विचारला, तर ‘ते केबलवाल्या पोराला माहीत’ असं उत्तर मिळतं. खरा प्रश्न इथं आहे.

धंदा आता नेटवर टेकला आहे

दहा वर्षांपूर्वी नेट बंद पडलं तर मेल पाहायचं राहायचं. आज माल गेटवर अडकतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला माल विकताना ई-इनव्हॉइस काढावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी आणि त्यापुढच्या उलाढालीसाठी तो बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर चढवण्याचं बंधन आलं. त्याच तारखेपासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर सर्वांनाच पासवर्डसोबत ओटीपी लागू लागला.

सीमाभागाला याची झळ जरा जास्तच लागते. ई-वे बिलासाठी साधारणपणे ५० हजार रुपयांची मर्यादा असते, हे सगळ्यांना पाठ आहे. पण माल जॉबवर्कसाठी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ही मर्यादा लागू होत नाही. किंमत कितीही असो, ई-वे बिल काढावंच लागतं. उद्यमबाग किंवा मच्छेतल्या फाउंड्रीतून निघालेलं कास्टिंग मशिनिंगसाठी कोल्हापूरकडं पाठवायचं म्हटलं की राज्याची हद्द ओलांडावी लागते. पाच-दहा हजारांचे नग असले तरी आधी पोर्टल उघडायचं आणि मगच गाडी सोडायची. टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर चहा पिऊन आलेला आणि ऑफिसात वायफायचं चक्र फिरत राहिलेलं, असं झालं की नुकसान केवळ नेटच्या महिन्याच्या भाड्याचं राहत नाही.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. दुकानाचं नेट गेलं म्हणजे यूपीआय बंद पडला, असं अनेकांना वाटतं. काउंटरवरचा क्यूआर कोड हा नुसता छापील कागद. पैसे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून, त्याच्याच नेटवरून जातात. आवाज देणाऱ्या बहुतेक साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं. त्यामुळं साउंडबॉक्स मुका झाला म्हणून राउटर बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही. बिघाड कुठं आहे हे आधी ओळखायचं आणि मगच हात घालायचा, हा नियम इथूनच सुरू होतो.

बिघाड तीन ठिकाणी असू शकतो

फायबरचं कनेक्शन असेल तर पेटीवर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. ‘लॉस’चा दिवा लाल झाला की बाहेरून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोचत नाही असं समजावं. केबल तुटलेली, दबलेली किंवा निसटलेली असते. हे काम कंपनीचं. पेटी शंभर वेळा बंद-चालू केली तरी तो दिवा बदलत नाही. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर आहे, पण इंटरनेटचा दिवा पेटत नाही, तर लॉगिन अडकलेलं आहे किंवा बिल थकलेलं आहे. हेही कंपनीकडंच.

दोन्ही दिवे ठीक आहेत आणि तरी नेट नाही, तेव्हा एक साधी परीक्षा करावी. एक संगणक वायरने थेट राउटरला जोडावा. वायरवर नेट चालतं आणि मोबाइलवर चालत नाही, म्हणजे कंपनीचा काही दोष नाही, अडचण वायफायची आहे. वायरवरही चालत नसेल तर संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. पत्ता व्यवस्थित आहे, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही आणि ८.८.८.८ ला पिंग केल्यावर उत्तर येतं, म्हणजे डीएनएस गडबडलेलं आहे. इंटरनेटच्या नावांची यादी सापडत नाही, रस्ता मात्र शाबूत आहे.

पेटी दिवसातून चार वेळा आपोआप बंद होऊन चालू होत असेल तर आधी ॲडाप्टर बदलून पाहावा. राउटर बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. वीज सारखी ये-जा करते तिथं आणि वळवाच्या पावसात ॲडाप्टर आधी मरतो. तो पूर्ण मरण्याआधी महिनाभर कमी दाबाची वीज देत राहतो आणि शिव्या कंपनी खाते. छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला तर दिवे जाऊन परत येईपर्यंत पेटी जागी राहते.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. पण ती दहा मिनिटं दिली तर ‘नेट गेलंय’ ऐवजी ‘लॉसचा दिवा लाल आहे’ अशी तक्रार करता येते. अशी तक्रार आली की समोरच्यालाही टाळाटाळ करायला जागा उरत नाही.

गल्लीतली गर्दी हवेतही आहे

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतली दुकानं तोंडाला अरुंद आणि आत खोल असतात. राउटर लावला जातो तो दारापाशी, कारण केबल तिथं येते. हिशेबाचा संगणक असतो मागच्या खोलीत, मध्ये दीड फुटाची दगडी भिंत आणि मालानं भरलेली लोखंडी मांडणी. वायफायच्या लहरी लोखंडातून पार होत नाहीत आणि जाड भिंतीत जिरतात. उद्यमबागेत पत्र्याच्या शेडमध्ये उलटी अडचण. तिथं लहरी पत्र्यावर आपटून परत येतात आणि एकमेकींतच मिसळतात. मोबाइलवर वायफायच्या रेघा पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही.

त्यात शेजाऱ्यांची भर. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा देशात सर्वांसाठी खुला आहे, पण तो केवळ ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एका गल्लीत ओळीनं वीस दुकानं आणि वर वीस घरं असतील तर चाळीस राउटर या तीन चॅनेलवर एकाच वेळी बोलतात. शनिवारच्या बाजारात सगळ्यांनी एकदम भाव सांगावा तसा प्रकार. अशा ठिकाणी ‘जास्त पॉवरचा’ राउटर आणून काही साधत नाही. त्यानं गोंगाट वाढतो इतकंच.

उपाय आहे आणि तो बहुतेकांच्या पेटीत आधीपासून पडून आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवान्याशिवाय वापरायला खुली केली. तिथं गर्दी कमी आहे. गेल्या काही वर्षांतले बहुतेक राउटर दोन्ही पट्ट्यांवर चालतात. काउंटरवरचे मोबाइल आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्यावेत. २.४ वर प्रिंटर, काटा, कॅमेरे यांसारखी जुनी यंत्रं ठेवावीत, चॅनेल १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा निवडावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ६ गिगाहर्ट्झचा खालचा पट्टाही खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला होता. पण जुन्या मोबाइलना आणि राउटरना तो पट्टा समजतच नाही. आजच्या अडचणीला आजचं उत्तर ५ गिगाहर्ट्झ हेच आहे.

मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढं २.४ पेक्षा लवकर हार मानतो. म्हणून मागच्या खोलीसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट लागतो. इथं बहुतेक जण स्वस्तातला रिपीटर आणून सॉकेटमध्ये खुपसतात. रिपीटर ज्या हवेतून ऐकतो त्याच हवेतून परत बोलतो, त्यामुळं साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. त्याऐवजी राउटरपासून कॅट-६ ची वायर ओढून टोकाला ॲक्सेस पॉइंट लावावा. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. वीजही त्याच वायरीतून देता येते, वेगळा सॉकेट लागत नाही. आणि ज्या संगणकावर टॅलीचा डेटा आहे, तो तर वायरवरच हवा. नोंद चालू असताना मध्येच वायफाय तुटलं तर डेटा बिघडण्याची भीती असते. मार्चअखेरीस हे घडलं की सीए आणि दुकानदार, दोघांच्याही झोपा उडतात.

दुसरा राउटर, दुप्पट डोकेदुखी

जुना राउटर टाकून देणं जिवावर येतं. मग तोच ‘रेंज वाढवायला’ आतल्या खोलीत लावला जातो. घोळ तिथं सुरू होतो. राउटरचं एक काम म्हणजे येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता देणं. याला डीएचसीपी म्हणतात. एका जाळ्यात पत्ते वाटणारा एकच हवा. जुना राउटर तसाच लॅनच्या खाचेत जोडला तर वाटणारे दोन होतात. काही यंत्रांना हा पत्ता देतो, काहींना तो. निम्म्या दुकानाचं नेट चालतं, निम्म्याचं नाही आणि उद्या नेमकी उलटी निम्मी बंद पडतात. वायर वॅनच्या खाचेत जोडली तर आतल्या खोलीचं वेगळंच जाळं तयार होतं. नेट चालतं, पण तिथून पुढच्या काउंटरवरचा प्रिंटर दिसत नाही.

जुन्या पेटीत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. नसेल तर तिचा डीएचसीपी बंद करावा, तिला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्यावा आणि वायर लॅनच्या खाचेत जोडावी. प्रिंटर आणि डेटाच्या संगणकाचा पत्ता मुख्य राउटरमध्ये राखून ठेवावा. ‘काल प्रिंट येत होती, आज येत नाही’ या तक्रारीमागं अनेकदा हेच असतं : वीज गेली आणि आली, प्रिंटरला नवा पत्ता मिळाला, संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पाठवत बसला.

खानावळी, लॉज आणि क्लासेसमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. राउटरकडं शंभर पत्ते आहेत आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास अडकून राहतो. जेवून गेलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ताही रात्रीपर्यंत त्याच्याच नावावर. दुपारी तीननंतर येणाऱ्याला पत्ताच उरत नाही. ही मुदत दोन तासांवर आणली की प्रश्न मिटतो. नव्या कनेक्शनची गरज नसते.

२०१७ मध्ये कर्नाटकनं हे पाहिलं आहे

इथवरचं सगळं गैरसोयीचं झालं. खरी जोखीम याच्या पुढं आहे.

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटक परिमंडळातले हजारो ब्रॉडबँड मोडेम एकाएकी बंद पडले. त्यांची संख्या सुमारे ६० हजार असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. कंपनीच्या मूळ यंत्रणेला धक्का लागला नव्हता. ज्या मोडेमचं नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, म्हणजे कारखान्यातून आला तसाच होता, त्यांनाच मालवेअरनं गाठलं. पासवर्ड बदला, एवढाच सल्ला ग्राहकांना देण्यात आला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पेट्या बदलल्या, कॉपरच्या जागी फायबर आली, पण सवय तीच राहिली. वायफायचा पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढं १२३. राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड पेटीच्या पाठीवर छापलेलाच. हे दोन पासवर्ड वेगवेगळे असतात, हेही अनेकांना ठाऊक नसतं. पहिला नेट वापरायला, दुसरा राउटर चालवायला. ज्याच्या हाती दुसरा पासवर्ड, त्याच्या हाती दुकानाचा सगळा नेटव्यवहार.

यावर ठरलेलं उत्तर असं : ‘आमच्याकडं काय चोरायचं आहे?’ हे उत्तर जुनं झालं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं एक इशारा दिला. कंपन्यांनी सुधारणा देणं बंद केलेले जुने राउटर गुन्हेगार ताब्यात घेतात आणि त्यांच्या आडून आपले उद्योग करतात, असं त्यात म्हटलं होतं. शिरण्याची वाट बहुधा दुरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट ॲडमिनिस्ट्रेशन’, ही होती. म्हणजे चोराला दुकानातला माल नको असतो, दुकानाचा पत्ता हवा असतो. फसवणूक तो करतो, आणि तपासात आयपी पत्ता निघतो तो एखाद्या किराणा दुकानाचा. पोलीस आधी त्याच दारी येणार. नंतर निर्दोषपणा सिद्ध होईलही, पण तोवरचे हेलपाटे कुणी चुकवायचे?

गिऱ्हाइकाचं वायफाय आणि ठेवीदाराचा हिशेब एकाच जाळ्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सहकारी पतसंस्थांचं जाळं मोठं आहे. पिग्मी गोळा करणाऱ्याच्या हातात आता यंत्र किंवा मोबाइल आहे आणि ठेवीदाराचं नाव, पत्ता, आधार, शिल्लक संगणकावर आहे. अशा कार्यालयात बसलेल्या माणसानं ‘जरा वायफाय द्या’ म्हटलं की पासवर्ड सांगितला जातो. माणुसकी म्हणून ते ठीक. पण जाळं एकच असेल तर त्याचा मोबाइल आणि ठेवीदारांचा संगणक आता एकाच खोलीत बसलेले असतात, मध्ये पडदाही नसतो. त्याच्या मोबाइलात काही घाण असेल तर ती थेट संगणकाचं दार ठोठावू शकते.

जवळजवळ प्रत्येक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. ते चालू करायचं, त्याला वेगळं नाव आणि पासवर्ड द्यायचा आणि आतल्या यंत्रांकडं जायची परवानगी बंद ठेवायची. मोठ्या कार्यालयांनी याच कामासाठी व्हीलॅन करून घ्यावं. सीसीटीव्हीचा डीव्हीआरही हिशेबाच्या संगणकांपासून वेगळा असावा. घरबसल्या मोबाइलवर दुकान दिसावं म्हणून अनेक ठिकाणी राउटरमध्ये ‘पोर्ट’ उघडून ठेवलेला असतो. तो जसा मालकाला दिसतो तसाच साऱ्या जगाला दिसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रण बाहेर फुटलं आणि देशभर संताप झाला. कॅमेरा आपण लावतो सुरक्षिततेसाठी, पण जाळं उघडं असेल तर तोच खिडकी होतो.

कायद्याची बाजूही बदलली आहे. सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या ‘सर्ट-इन’नं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. लहान-मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंतच सवलत होती. राउटर कोण उघडतं हेच जिथं माहीत नाही, तिथं नोंदी कुठून दाखवणार?

मग करायचं काय?

पुरवठादारांची बाजूही ऐकायला हवी. राउटरचा मुख्य पासवर्ड ते स्वतःकडं ठेवतात, कारण अर्ध्या तक्रारी त्यांना दुरूनच मिटवायच्या असतात. गिऱ्हाइकानं भलतंच बटण दाबलं तर माणूस धाडावा लागतो आणि महिन्याच्या भाड्यात ते परवडत नाही. हे म्हणणं खोटं नाही. पण त्याचा अर्थ दुकानाची किल्ली कायमची दुसऱ्याकडं ठेवायची असा होत नाही. कंपनीची पेटी कंपनीच्या ताब्यात राहू द्यावी, तिचं वायफाय बंद करावं, ती ‘ब्रिज मोड’वर घ्यावी आणि मागं आपला स्वतःचा राउटर लावावा. बाहेरचं ते कंपनीचं, आतलं ते आपलं. भांडणाची हद्दही मग स्पष्ट होते.

आपल्या राउटरवर करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. आतल्या पानाचा पासवर्ड बदलायचा. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-३, ते नसेल तर डब्ल्यूपीए-२ ठेवायची. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करायची, कारण तिच्यातली त्रुटी २०११ पासून उघड आहे. दुरून चालवण्याची सोय बंद करायची. तीन महिन्यांनी एकदा फर्मवेअर अद्ययावत आहे का ते पाहायचं. कंपनीनं त्या मॉडेलला सुधारणा देणं बंद केलं असेल तर पेटी चालू असली तरी बदलायची. नोकर काम सोडून गेला की वायफायचा पासवर्ड बदलायचा, जसं आपण कुलूप बदलतो. शेवटी सगळी जुळणी एका कागदावर लिहून, फाईल काढून ठेवून, दोन्ही तिजोरीत ठेवायचं. पेटी जळाली तर नवी पेटी तासाभरात उभी राहते. नाहीतर दोन दिवस जातात ते ‘आधी काय सेटिंग होती’ हे आठवण्यातच.

हे प्रत्येक दुकानदारानं स्वतः शिकावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला एवढी फुरसत नसते, आणि राउटरचं पान इंग्रजीत असतं ही अडचणही खरीच. पण इथं संघटना कशासाठी आहेत? व्यापारी संघ जीएसटीवर कार्यशाळा घेतात, तशी एक कार्यशाळा राउटरवर, मराठी आणि कन्नडमध्ये, का होऊ नये? आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून दर वर्षी बाहेर पडणारी मुलं पुण्या-बेंगळूरची वाट धरतात. दहा-वीस दुकानांनी मिळून त्यांतल्याच एकाला वर्षाच्या करारावर बांधून घेतलं तर एकेकाच्या वाट्याला खर्च किरकोळ येईल आणि पोरालाही गावात काम मिळेल. पतसंस्थांनी तर हिशेब तपासणीसोबत नेटवर्कची तपासणीही दर वर्षी करून घ्यायला हवी. ठेवीदाराचा विश्वास त्या भिंतीवरच्या पेटीतूनही जात असतो.

बेळगावच्या व्यापाऱ्याला हिशेबात कुणी फसवू शकत नाही, असा लौकिक आहे. तराजू, वही, उधारी, व्याज, सगळ्यावर त्याची नजर असते. आता धंद्याची अर्धी वही त्या पेटीतून ये-जा करते. येत्या सोमवारी दुकान उघडल्यावर राउटरचा पासवर्ड कुणाकडं आहे, एवढा एक प्रश्न प्रत्येकानं विचारावा. उत्तर ‘माझ्याकडं’ असं नसेल, तर पहिलं काम तेच.